तेल आटल्यावर अंग कुणाचं?

दोस्तांनो, तेलावर लिहितोय म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. आपल्या अंकात हा विषय नसतो, ठाऊक आहे मला. तेल म्हणजे शेअरबाजारवाल्यांचा, मंत्र्यांचा, इंग्रजी पेपरातल्या अर्थतज्ज्ञांचा प्रांत, असं आपण धरून चाललोय. ते बॅरल आणि डॉलर बोलतात. आपण पंपावरचा आकडा बघतो, एक शिवी हासडतो आणि पुढं जातो. पण मला गेली काही वर्षं एक प्रश्न छळतोय, आणि तो अर्थशास्त्राचा कमी, नीतीचा जास्त आहे. जमिनीतलं तेल कमी होत जाईल तेव्हा, आजवर तेल जे काम करत होतं ते काम कोण करणार?

कुणी म्हणेल सूर्य करेल, वारा करेल. करेलही. त्याच्याकडे येतो मी. आधी तेल म्हणजे काय चीज आहे ते आपल्या मापानं मोजू.

लाइटबिलावर युनिट असतं ना, ते माप घ्या. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. त्यातली बरीचशी इंजिन धुरात आणि उष्णतेत घालवतं, कामाला तीनेक युनिट येते. आता एक धडधाकट माणूस घ्या. दिवसभर फावडं मारून तो जे काम उरकतो ते मोजलं तर अर्धं-पाऊण युनिट भरतं. म्हणजे एक लिटर डिझेल म्हणजे एका मजुराचे पाच दिवस. २०२४ साली महाराष्ट्रात लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास मोजले की हे पाच दिवस बाटलीत भरून मिळत होते. हा मजूर भाकरी मागत नाही, उचल मागत नाही, त्याची बायको आजारी पडत नाही. आणि एका बॅरलमध्ये १५९ लिटर असतात. एका माणसाची दोन वर्षांची हाडं, एकही सुट्टी न घेता. जग रोज दहा कोटींहून जास्त बॅरल जाळतं.

आता वाटप बघा. अमेरिकेत माणशी, तान्ह्या पोरासकट, रोज नऊ-साडेनऊ लिटर तेल खर्च होतं. भारतात अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. आपल्या मापात सांगायचं तर तिथल्या प्रत्येकाच्या मागं रोज पंचेचाळीस न दिसणारे गडी राबतात, इथल्याच्या मागं तीन. आणि हे तीनसुद्धा सगळ्यांना सारखे नाहीत. ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत त्याच्याकडं पन्नास गडी आणि पालात राहणाऱ्या बाईकडं अर्धासुद्धा नाही, असा हा सरासरीचा हिशोब असतो. सरासरी हा शब्द मला पहिल्यापासून आवडत नाही.

पण म्हणून तेलानं आपल्याला काही दिलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. माझी आय पहाटे चारला उठून जातं ओढायची. आमच्या गावात डिझेलच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली आणि तिच्या खांद्यावरून ते जातं उतरलं. गिरणीत आमच्या वस्तीचं दळण सगळ्यात शेवटी पडायचं, गावाच्या पिठाला आमचं पीठ लागू नये म्हणून. पण शेवटी का होईना, पडायचं. इंजिनाला जात कळत नव्हती, गिरणीवाल्याला कळत होती. मग एस.टी. आली. तिच्या बाकड्यावर बसून गाव सोडता आलं. माझ्यासारखी किती पोरं अशी डिझेलच्या धुरातून शहरात शिकायला गेली असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. पाटलाचं ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पळण्याची बेगार कायद्यानं गेली हे खरं, पण ओझं वाहायला ट्रक आणि ट्रॅक्टर आले नसते तर नुसत्या कायद्यानं ती किती गेली असती, सांगा.

बाबासाहेब हे नीट ओळखून होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं हा त्यांचा १९४५ चा ग्रंथ ज्यांनी वाचलाय त्यांना आठवेल, गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या वर उठत नाही, असा तो युक्तिवाद आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं, आणि विजेचा आणि पाण्याचा कारभारही त्याच खात्यात होता. ऊर्जेचा प्रश्न त्यांनी सवर्ण इंजिनियरांवर सोडून दिला नव्हता. आपण सोडलाय.

तर आता हे तेल उतरणीला लागतंय. उतरण म्हणजे उद्या सकाळी पंप कोरडा, असं नव्हे. उन्हाळ्यातला हातपंप आठवा. पाणी एकदम जात नाही. आधी दांडा जास्त मारावा लागतो, मग गढूळ येतं, मग हवा येते. तेलाच्या विहिरीतही तेल जमिनीखालच्या दाबानं वर येतं. दाब सरला की खालून पाणी नाहीतर वायू कोंबावा लागतो. मग तेलाबरोबर पाणी येऊ लागतं, आणि शेवटी शेवटी पाण्याबरोबर थोडं तेल. खर्च वाढत जातो, माल कमी होत जातो.

हब्बर्ट नावाचा शेल कंपनीतला भूवैज्ञानिक होता. १९५६ साली टेक्ससमध्ये तेलवाल्यांच्याच सभेत उभा राहून त्यानं सांगितलं, अमेरिकेचं तेल १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरेल. लोक हसले. १९७० साली ते खरोखर शिखरावर गेलं आणि उतरू लागलं. (इंग्रजीत या शिखराला 'पीक' म्हणतात. आपल्याकडं पीक म्हणजे जोंधळा. ज्याच्या त्याच्या पोटाप्रमाणे भाषा.) तोवर टेक्ससचं सरकारी मंडळ भाव पडू नये म्हणून विहिरींना लगाम घालत असे. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी लगाम पूर्ण सोडला, म्हणजे हातचं राखून ठेवलेलं काही उरलं नाही. दीड वर्षानं, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखलं आणि १९७४ उजाडेपर्यंत तीन डॉलरचं बॅरल बारा डॉलरच्या जवळ गेलं. आपल्याला शाळेत फक्त अरबांचं सांगतात. टेक्ससच्या विहिरी आधी थकल्या नसत्या तर अरबांच्या हातात ती चावी आली नसती.

मेक्सिकोचं उदाहरण तर डोळ्यांदेखतचं आहे. काम्पेचेच्या उपसागरात एका कोळ्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. त्याचं नाव कांतारेल. तिथं जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक सापडला आणि त्याला त्या कोळ्याचं नाव दिलं. नाव द्यायला काय जातं म्हणा. या तेलाच्या भरवशावर मेक्सिकोनं सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य बँकांची कर्जं उचलली. आखातातला तेलाचा पैसा त्याच बँकांत पडून होता आणि बँकांना गिऱ्हाईक हवं होतं. अमेरिकेनं व्याजाचे दर वर नेले आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोनं हात वर केले. मागोमाग लॅटिन अमेरिकेतले देश एकेक करून नाणेनिधीच्या दारात. दवाखाने, शाळा, अन्नावरची सूट यांना कात्री. पुढं २००४ साली कांतारेल शिखरावर पोचलं, दिवसाला एकवीस लाख बॅरल. सहा वर्षांत ते पाच-साडेपाच लाखांवर आलं. ज्या सरकारच्या तिजोरीतला जवळपास तिसरा हिस्सा तेलाचा, त्याची काय गत झाली असेल!

आणि आपलं बॉम्बे हाय. मुंबईच्या पश्चिमेला दीडेकशे किलोमीटरवर, समुद्रात. १९७४ साली सागर सम्राट या जहाजानं तेल शोधलं, १९७६ पासून ते निघू लागलं. ऐंशीच्या दशकात तिथून दिवसाला चार लाख बॅरलच्या वर तेल यायचं. २०२४ पर्यंत ते सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान उतरलं होतं, आणि २०२५ च्या जानेवारीत ते वर काढायला मदत करा म्हणून ब्रिटिश कंपनीला बोलवावं लागलं. आज आपण लागणाऱ्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

आता कुणी हुशार पोरगा उठून म्हणेल, सर, अमेरिकेचं तेल तर पुन्हा वाढलं. बरोबर आहे. खडक फोडून काढलेल्या तेलामुळं २०१८ साली अमेरिकेनं १९७० चं शिखर ओलांडलं. हब्बर्टला हे दिसलं नव्हतं. पण त्या विहिरी पहिल्या वर्षा-दीड वर्षातच अर्ध्याहून खाली येतात, म्हणून नव्या नव्या खणत राहावं लागतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२५ साली सांगितलं, की तेल आणि वायू काढण्यावर जग जो पैसा घालतं त्यातला जवळजवळ नव्वद टक्के जुन्या साठ्यांची घट भरून काढण्यातच जातो. जागच्या जागी उभं राहायला एवढं पळावं लागतं. घट कधी उघडी पडेल यावर पंडित भांडोत बापडे. मला विचारायचंय ते वेगळं.

घट आली की ती वाटली कशी जाते?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर मोठं सोज्वळ आहे. माल कमी झाला की भाव वाढतो, भाव वाढला की मागणी घटते, आणि पुन्हा तोल साधतो. मी हे वाक्य वाचलं की मला १९७४ चं रेशनचं दुकान आठवतं. मी तेव्हा सातवी-आठवीत. घासलेटची टंचाई. गाडी येणार म्हणून आय सकाळपासून टमरेल घेऊन रांगेत. गावाची रांग वेगळी, वस्तीची वेगळी. गावाची संपल्यावर आमची सुरू व्हायची. दुकानदार नरसाळं उलटं करून दाखवायचा, 'संपलं'. मग काळ्या बाजारात जे मिळायचं ते आम्हाला परवडायचं नाही. आय म्हणायची, चिमणी विझव, उजेडी वाच. आता त्या पुस्तकाच्या भाषेत बोलायचं तर आमच्या घराची मागणी घटली. कुणी हिसकावून घेतलं नाही, कुणी मारलं नाही. नुसती मागणी घटली. माझा अभ्यास बुडाला त्याला बाजाराच्या शास्त्रात शब्दच नाही.

भाव गरज विचारत नाही, ऐपत विचारतो. एकाला आठवडी सुट्टीत महाबळेश्वरला जायला दहा लिटर हवंय, दुसरीला रात्री बाळंतपणासाठी तालुक्याला जायला दोन लिटर. बाजाराच्या काट्यावर पहिल्याचं पारडं जड. हे पारडं आपोआप बनलेलं नाही, ते ठरवलेलं आहे. पण ठरवणारा कुठं दिसत नाही, म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. जातीचंही असंच असतं ना? नियम सगळीकडं, नियम करणारा कुठंच नाही.

श्रीलंकेत २०२२ साली परकीय चलन संपलं, तेलाची जहाजं यायची थांबली. लोक दिवस-दिवस रांगेत उभे राहिले, काही जण रांगेतच मेले. शेवटी जुलैत सरकारनं मोबाइलवरचा चौकोनी ठिपक्यांचा पास काढला, गाडीमागं आठवड्याला इतकं लिटर. ज्या सरकारनं देश बुडवला त्याचं कौतुक मी करत नाही. पण बघा, बाजारानं नव्हे तर रेशननं रांगा आवरल्या. आणि तरीही त्या पासवर गाडीला तेल होतं. ज्याच्याकडं गाडीच नाही त्याचा त्या यादीत हिस्सा कुठं?

इथवर मी वाटपाचं बोललो. पण खरी भीती पुढं आहे.

तेल कमी पडतं तेव्हा व्यवस्था हात जोडून बसत नाही, ती बदली शोधते. आणि तेलाची सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त बदली म्हणजे माणसाचं अंग. हे मी कल्पनेनं सांगत नाही. ब्राझीलमध्ये घडलंय.

१९७३ साली ब्राझील लागणाऱ्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणत होता. भाव चौपट झाले. तिथली लष्करी राजवट, तिनं १९७५ च्या नोव्हेंबरात प्रो-आल्कूल नावाची योजना काढली. उसापासून अल्कोहोल करायचं आणि मोटारीत घालायचं. जगभर वाहवा झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिथं खपणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहात नऊ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. मोटारवाल्याचा प्रश्न सुटला. पण ऊस तोडायचा कुणी? साओ पावलो राज्यात जमिनीवरून हुसकलेले, गावाबाहेरच्या झोपड्यांत फेकलेले, ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातून आलेले मजूर ट्रकमध्ये भरून पहाटे फडावर नेले जायचे. त्यांना नाव होतं बोइया-फ्रिया, म्हणजे थंड जेवण. पहाटे बांधून आणलेला भात दुपारी गारच खायचा, म्हणून. ज्या देशात १८८८ पर्यंत उसाच्या मळ्यांत काळे गुलाम राबले, त्याच देशात हे.

१९८४ च्या मे महिन्यात ग्वारिबा नावाच्या गावात या मजुरांचा भडका उडाला. का? एक माणूस एका वेळी पाच ओळी तोडायचा, कारखानदारांनी सात केल्या. वर पाण्याची बिलं वाढवलेली. मजुरांनी पाणीखात्याच्या कचेरीवर हल्ला केला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, एक जण मेला. पण सातच्या पुन्हा पाच ओळी झाल्या. ग्वारिबा हे नाव पाठ करून ठेवा. तेलाच्या जागतिक टंचाईचं ओझं शेवटी कुठं येऊन टेकलं? दोन जास्तीच्या ओळींवर.

गोष्ट तिथं संपली नाही. तोडकऱ्याला ऐंशीच्या दशकात दिवसाला सहाएक टन तोडावा लागे, तो दोन हजारनंतर दहा-बारा टनांवर गेला. २००४ ते २००८ या काळात साओ पावलोत वीसच्या आसपास तोडकरी फडात नाहीतर फडावरून आल्यावर मेले, अशी नोंद स्थलांतरितांत काम करणाऱ्या एका चर्चच्या संघटनेनं ठेवलीय. मग यंत्रं आली, आणि मजुरांना घरी पाठवलं. ती यंत्रं डिझेलवर चालतात. म्हणजे तेल महाग झालं तेव्हा माणूस जुंपला आणि यंत्र परवडलं तेव्हा माणूस हाकलला. दोन्ही वेळा त्याला विचारलं कुणी नाही.

आणि इकडं मेक्सिकोत, कांतारेल उतरत असताना, २००७ च्या जानेवारीत हजारो लोक टॉर्टिया महागल्या म्हणून राजधानीच्या रस्त्यावर उतरले. टॉर्टिया म्हणजे त्यांची मक्याची भाकरी. तेल महागल्यामुळं अमेरिकेतला मका अल्कोहोलच्या भट्ट्यांकडं वळला होता. साठेबाजांनी वर हात धुऊन घेतला. मोटारीची टाकी आणि माणसाचं पोट एकाच रांगेत उभं केलं की पहिलं कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आता आपल्या मुलखात या. भारत सरकारनं २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य गाठलं. ऊस, मका, अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ, सगळं त्यात जातं. परकीय चलन वाचतं, शेतकऱ्याला भाव मिळतो, असं सांगतात. त्यात तथ्यही आहे. पण उसाच्या त्या कांडीपर्यंत जाऊन बघा. बीडची, जालन्याची, परभणीची जोडपी दिवाळीनंतर फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं दोन, हिशोबात अवजार एक. मुकादमाची उचल आधीच डोक्यावर. पहाटे तोडायला सुरुवात आणि रात्री गाडी भरेपर्यंत मोळ्या डोक्यावर. यात वंजारी आहेत, मराठे आहेत, आपले आहेत, भटके आहेत. कोरडवाहू दारिद्र्य सगळ्यांना तिथं नेतं, पण फडावर कोपी कुणाची कुठं पडते ते जाऊन बघा. पाळीचा खाडा नको, दंड नको, म्हणून या बायकांची गर्भपिशवी काढायची चाल पडली. २०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यात ऐंशी हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली, त्यातल्या तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. हे सगळं इथेनॉलमुळं झालं असं मी म्हणत नाही. साखरेच्या काळापासून चालत आलंय. पण साखरेला मर्यादा आहे, माणूस साखर खाऊन खाऊन किती खाणार? मोटारीच्या भुकेला तळ नाही.

एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक डावा कार्यकर्ता तडकला. म्हणाला, "म्हणजे तुम्ही तेल कंपन्यांची वकिली करताय?" मी म्हटलं, "बाबा, मी जात्याच्या विरोधात वकिली करतोय." तेल कंपन्यांनी नायजेरियाच्या खाडीत काय केलं, इराकमध्ये कशासाठी रक्त सांडलं, हे मलाही दिसतं. दुसरी एक मुलगी होती, पर्यावरणात काम करणारी, तिचा मुद्दा जास्त खोल होता. ती म्हणाली, तेल संपायची वाट बघण्याइतका वेळच नाही, ते जमिनीत ठेवायला हवं, कारण जे जळतंय त्यानं ऊन वाढतंय, आणि ते ऊन तुमच्याच तोडकऱ्याच्या, गवंड्याच्या, खडी फोडणारीच्या डोक्यावर पडतंय. तिचं खरं आहे. सावलीत बसणाऱ्याला ऊन ही बातमी असते. म्हणून तेल जाळत राहा ही माझी मागणी नाही, होऊही शकत नाही.

माझी मागणी क्रमाची आहे. तेल काढून घ्यायचंच आहे, मग ते आटल्यामुळं असो की शहाणपणानं, तर आधी कुणाकडून काढायचं? मी म्हणतो, जिथं तेलानं कुणाच्या डोक्यावरचं ओझं, हातातली घाण, गुडघ्यातलं पाणी काढलंय, तिथून ते सगळ्यात शेवटी काढा, आणि काढण्याआधी तिथं दुसरी शक्ती आणून उभी करा. जिथं तेल नुसती ऐट मिरवतं तिथून आधी काढा. यावर कुणी म्हणेल, ऐट कुठली आणि गरज कुठली हे कोण ठरवणार? ठीक आहे, अवघड आहे. पण आजही कुणीतरी ठरवतंच आहे. एकट्या माणसाचं विमान उडतं आणि वस्तीतली एस.टी.ची फेरी तोट्यात म्हणून बंद होते, तेव्हा ते ठरलेलंच असतं.

'खेड्याकडे चला, बैल जुंपा, हातानं दळा, निसर्गाशी एकरूप व्हा' असं सांगणारे तेलटंचाईच्या दिवसांत पुन्हा बोलू लागतील. त्यांच्या साध्या राहणीला मान देऊ. पण त्यांना एवढंच विचारायचं, की त्या हातानं दळायच्या गावात दळणारा हात कुणाचा होता? मेलेला बैल ओढून नेणारा कोण होता? साधेपणा हा ज्यानं आधी भोगलंय त्याचा अधिकार असतो. ज्याच्यावर तो लादलेला होता त्याला त्याची गोडी सांगू नका.

आता सूर्याचं. सौर पंप, विजेच्या बसगाड्या, विजेच्या रिक्षा येताहेत. आनंद आहे. सूर्याचं तेज कुणाच्या बापाचं नाही, हे तर आपल्याला फारच पटण्यासारखं आहे. पण पत्रा लागतो, तार लागते, बॅटरी लागते, भांडवल लागतं; आणि पहिली विजेची गाडी कुणाच्या दारात उभी राहिली ते आपण बघितलंय. नवी शक्ती आली म्हणून जुना क्रम मोडत नाही. तेलाच्या भर सुगीतसुद्धा मोडला नव्हता.

हाच माझ्या म्हणण्यातला सगळ्यात दुखरा भाग आहे. गटार उपसायला यंत्र आहे. मैला ओढून घेणारा टँकर आहे, पाण्याच्या दाबानं तुंबा फोडणारी गाडी आहे, दोन्ही डिझेलवर चालतात. आपल्या मापानं मोजलं तर दहा लिटर डिझेलमध्ये पन्नास दिवसांची मजुरी आहे. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख केले. तरी माणसं उतरताहेत, गुदमरताहेत. तेल स्वस्त होतं तेव्हाही उतरत होती. म्हणजे डिझेल नव्हतं म्हणून माणूस उतरला असं कधीच नव्हतं. माणूस डिझेलपेक्षा स्वस्त होता. ठेकेदाराचं गणित साधं आहे. यंत्राची गाडी बोलवायची तर तेलाचा, चालकाचा, भाड्याचा खर्च. त्यापेक्षा पाचशेच्या दोन नोटा आणि एक क्वार्टर. उद्या डिझेल दुप्पट झालं तर या गणितात कुठली बाजू जड होईल, आणि तेव्हा 'टंचाई आहे, नाइलाज आहे' हे कारणही आयतं हाताशी येईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर पोरांनो, एक काम करा. पुढच्या मोर्च्याच्या आधी आपापल्या नगरपालिकेत जा आणि माहितीच्या अधिकारात इंधनखर्चाचं पान मागून घ्या. वाहनवार मागा. साहेबांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांना महिन्याला किती लिटर आणि मैल्याच्या टँकरला किती, शेजारी शेजारी लिहून काढा. टँकर किती दिवस नादुरुस्त म्हणून उभा होता तेही विचारा, आणि त्या दिवसांत तुंबलेली गटारं कशी मोकळी झाली, कुणाच्या सहीनं. ते कागद आले की मला कळवा, आपण बसून वाचू.